सगळं डिसेंबरातच

एकछंदी माणसाचं घर दारातूनच कळतं. दिवाणखान्यात काचेचं कपाट, त्यात रांगेनं मांडलेले गणपती किंवा काड्यापेट्या, खाली बारीक अक्षरांत नावांच्या चिठ्ठ्या. चहा येईपर्यंत यजमान आपल्याला तिसऱ्या फळीपर्यंत घेऊन गेलेले असतात. बहुछंदी माणसाच्या घरी मात्र पाहुणा चपला काढता काढताच विचारतो, "घर बदलताय का?"

आमच्याकडे हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की आताशा मी "बघतोय, चांगलं गिऱ्हाईक मिळालं तर," असं म्हणून टाकते. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मोडीच्या सरावाचे कागद आणि बोरू, दुसऱ्या टोकाला दह्याच्या रिकाम्या डब्यांत रुजत घातलेल्या फांद्या. पेटी पलंगाखाली, कारण पेटीच्या जागी कपाटात दुर्बिणीचं सामान. आणि खुद्द दुर्बीण दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, उभी, छातीइतकी उंच, धूळ बसू नये म्हणून जुन्या रेशमी साडीत गुंडाळलेली. साताऱ्याहून आलेल्या एका मावशींनी तिला हात जोडले आणि हळदीकुंकू कुठे ठेवलंय म्हणून विचारलं. मी काही बोलले नाही. आतल्या आरशाला एखादा नमस्कार पोचला तर बिघडलं कुठे?

अशा वेळी मी दिनकर केळकरांची आठवण काढते. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आज आपण तिकीट काढून बघतो. पण चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून, 'अज्ञातवासी' या नावानं कविता करून, वर गावोगावचे अडकित्ते, दिवे, कुलपं, वज्र्या आणि दौती हा गृहस्थ घरी आणत होता, तेव्हा त्यांच्याकडे आलेले पाहुणे काय म्हणाले असतील? संग्रहालय आणि अडगळ यांत फरक असतो तो काचेचा आणि चिठ्ठ्यांचा. आमच्याकडे काच नाही. चिठ्ठ्या आहेत, पण त्या कुठल्याशा डब्यात आहेत.

लोकांचा दुसरा लाडका प्रश्न म्हणजे "वेळ कसा मिळतो हो तुम्हाला?" हा प्रश्न कौतुकाचा असतो असं वाटायचे माझे दिवस संपले. त्याचा खरा अर्थ, स्वयंपाक कोण करतं? वेळ मिळत नसतोच, पण तो चोरता येतो. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये मोडीच्या दोन ओळी होतात. ऑफिसच्या बसला उशीर झाला तर समोरच्या पिंपळावर तांबट शोधता येतो. चोरता येत नाही ते जेवणाचं टेबल. आणि रविवारची सकाळ. या दोन गोष्टींवरून माझे छंद आपसांत जे भांडतात, त्यापुढे भाऊबंदकी परवडली.

उदाहरणार्थ बुलबुल. आमच्या गॅलरीत कढीपत्त्याचं झाड आहे, कुंडीतलं असूनही माझ्या खांद्यापर्यंत पोचलेलं. मी बागकामवाली म्हणून मला त्याचा अभिमान. एका चैत्रात लालबुड्या बुलबुलाच्या जोडप्यानं नेमकं त्यातच घरटं बांधलं. मी पक्षीवाली म्हणूनही हरखून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांची फोडणी करताना लक्षात आलं की आता कढीपत्ता तोडता येणार नाही. अंडी उबायला दोन आठवडे, पिल्लं उडायला जवळपास तेवढेच. ऐन कैरीच्या डाळीच्या मोसमात, घरात खांद्याएवढा कढीपत्ता असताना, मी मंडईतून कढीपत्ता विकत आणला. भाजीवालीनं "ताई, तुमच्याकडे झाड आहे ना?" असं विचारलं, तेव्हा मी "त्यात बुलबुल बसलाय" म्हणाले, आणि तिनं माझ्याकडे बघून दोन काड्या जास्त घातल्या, बहुधा दयेनं.

एवढ्यावर भागलं नाही. शेजारच्या जास्वंदीवर त्याच पंधरवड्यात पिठ्या ढेकूण आला. पांढरा, कापसासारखा, मुंग्यांना घरजावई करून घेणारा. त्यावर निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात घालून फवारायचं असतं. पण फवारणी करायला गेलं की आई-बुलबुल अंड्यांवरून उठून डोक्यावर घिरट्या घालते. मग मी कानातली काडी तेलात बुडवून एकेक ढेकूण टिपत बसले. माझ्यातली बागवाली माझ्यातल्या पक्षीवालीवर त्या दिवसांत जी चिडली होती, ते सांगण्याची सोय नाही. दोन पिल्लं उडाली. तिसऱ्या अंड्याचं काय झालं ते कळलं नाही, पण कावळा बराच खुशीत होता.

पेटीची गोष्ट वेगळी. तिचं भांडण कुठल्या छंदाशी नसून हवेशी आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दाबलेली पट्टी वर येत नाही, आणि मग मध्यम एकटाच गळा काढून बसतो. भात्याला कसर लागते. श्रावणात मी पेटीजवळ साठ वॉटचा दिवा लावून ठेवायचे, तर लोडशेडिंगच्या काळात तोही गेला. १९४० साली आकाशवाणीनं पेटीला बंदी घातली. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती नेमक्या लागत नाहीत असा आक्षेप होता. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचं मत असं की आकाशवाणीनं घाई केली. ते स्पष्ट कधी बोललेले नाहीत, सज्जन माणूस आहे. पण मध्ये आठवडाभर पेटी काढली नाही तेव्हा जिन्यात भेटून त्यांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" आवाजात काळजी होती, आणि थोडी आशाही.

छंदांतलं निम्मं सुख दुकानांत असतं, हे एकदा मान्य करून टाकायला हवं. बोहरी आळीत शिरलं की मला माहेरी आल्यासारखं वाटतं. बोळाच्या दोन्ही बाजूंना साखळ्या, कड्या, चाकं, जाळ्या, आणि आतला माणूस मान वर न करता हात मागे नेतो आणि नेमका तोच खण उघडतो. पण तिथे एक प्रश्न वाट बघत असतो : "कशासाठी हवंय?" नळासाठी म्हटलं की वायसर ताबडतोब मिळतो. दुर्बिणीच्या बुडाखाली फिरायला हवाय म्हटलं की दुकानदार, त्याचा भाऊ आणि पाना घ्यायला आलेला प्लंबर असे तिघं एकत्र येतात. मग दुर्बीण म्हणजे काय, चंद्र केवढा दिसतो, आणि शेवटी "मॅडम, साहेबांना पाठवा, त्यांना नीट सांगता येईल." आमच्या साहेबांना खिळा कुठल्या बाजूनं ठोकायचा हेही विचारावं लागतं, हे मी तिथे सांगत नाही. घराण्याची अब्रू असते.

त्याहून मोठी परीक्षा औषधांच्या दुकानात. शाईचं पेन आतून धुवायला बाळाचं नाक साफ करायचा रबरी फुगा उत्तम. पाण्यात बुडवायचा, पेनाच्या मागच्या तोंडाला लावायचा, दाबायचा. निळी धार येते, मग फिकट, मग स्वच्छ. तो फुगा मागितल्यावर औषधवाल्या मुलानं चष्म्यावरून बघत विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?" मी गप्प. "नात का?" मी म्हणाले, "पेन." त्यानं फुगा कागदात बांधून दिला आणि सुट्टे पैसे परत करताना, अगदी हळू आवाजात, "बीपीची गोळी वेळेवर घेताय ना काकू?" असं विचारलं.

पण त्याच पेनानं मला एक गोष्ट शिकवली. पेन दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरानं निबेखालची जीभ काढून तिच्यावरची केसासारखी खाच दाखवली. शाई या खाचेतून केशाकर्षणानं निबेच्या टोकापर्यंत येते. खाच रुंद झाली तर पेन गळतं, बुजली तर रुसतं. हे ऐकत असताना माझ्या डोक्यात कुंड्या होत्या. पुढच्या महिन्यात कोकणात जायचं होतं आणि झाडांना पाणी घालायला कोणी नव्हतं. घरी येऊन मी उंच स्टुलावर बादली ठेवली आणि परकरांच्या जुन्या नाड्या एकेक टोक पाण्यात, एकेक टोक मातीत अशा सोडल्या. परत आलो तेव्हा मोगरा टवटवीत होता. असं काही झालं की मला कुठल्याही परीक्षेत पास झाल्यापेक्षा मोठा आनंद वाटतो. एका छंदाची किल्ली दुसऱ्याच्याच कुलपाला लागते, आणि ती आपण मुद्दाम घडवलेली नसते.

मोडीकडे मी वळले तीही पेनामुळेच. बोरू कापायचा म्हणून. मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची. हात शक्यतो उचलायचा नाही, शब्दाशब्दांत जागा सोडायची नाही, आणि मुख्य म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाकडे बघायचंही नाही. शाळेत शुद्धलेखनाच्या वहीवर लाल शाईनं रक्तबंबाळ झालेल्या माणसाला ही केवढी सुट्टी! पुण्याच्या पेशवे दफ्तरात अशा कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत. वर्गात जुन्या पत्राची पहिली प्रत हातात पडली तेव्हा मला वाटलं, आता एखादं कारस्थान उलगडणार, निदान एखादी फौज तरी निघणार. बराच वेळ डोळे ताणल्यावर पहिला शब्द लागला : तांदूळ. मग आणखी एक : उसने. कोणीतरी कोणाकडून तांदूळ उसने घेतले होते आणि परत केले नव्हते. त्या संध्याकाळी मी घरी येऊन सगळ्यांना ही बातमी सांगितली, जणू ते तांदूळ आमचेच होते.

या सगळ्या छंदांबद्दल 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण मला आयुष्यभर ऐकवली गेली आहे. ऐकवणाऱ्यांना एक ठाऊक नसतं. माझी वाईची आजी चिंध्यांचंच काम करायची. जुनी नऊवारी फाडून, रंग जुळवून, बारीक धावदोऱ्यानं गोधडी शिवायची. कडेला लाल काठ, मधे चौकट, आणि एका कोपऱ्यात तिला वाटेल तशी एखादी चिमणी. ठिपक्यांच्या रांगोळ्यांची तिची एक वही होती, हिशेबाच्या वहीच्या उलट्या बाजूला. कुठल्या झाडाचा पाला कुठल्या दुखण्यावर, ओव्या, फुलवाती, लोणच्याच्या फोडींचे आकार, या सगळ्यांत तिला गती होती, आणि नवीन काही दिसलं की तिचे डोळे जसे लकाकायचे तसे माझे आज बोहरी आळीत लकाकतात. पण तिला कोणी छंदिष्ट म्हटलं नाही. तिनं केलं ते घरकाम. गोधडी पांघरायची असते, रांगोळी देवापुढची असते, वाती दिव्याच्या असतात. सगळ्याला काही ना काही निमित्त होतं, आणि निमित्त असल्याखेरीज बसू देणार कोण? ती दुपारी सगळे निजल्यावर त्या वहीत नुसते ठिपके मांडत बसायची, ते कुठल्या सणासाठी होते, हे मी आता विचारू शकत नाही. मला छंद आहेत असं मी उघड म्हणू शकते, कारण माझ्याकडे पावत्या आहेत.

खरे तज्ज्ञ भेटले की मात्र माझी पंचाईत होते. मैना आणि साळुंकी दोन्ही पाहून सारखाच आनंद होणारी माणसं त्यांना फारशी मानवत नाहीत. पक्षी बघायला गेलं की तोफेएवढी लेन्स खांद्यावर घेतलेले एक गृहस्थ असतात, ते माझ्या छोट्या द्विनेत्रीकडे पाहून "नवीनच का?" विचारतात. दहा वर्षांनी भेटले तरी हेच विचारतील. पेटीचे मास्तर म्हणतात, "रोज एक तास, एक राग, दोन वर्षं." मोडीचे सर म्हणतात, रोज एक पान. बागेच्या बाई म्हणतात, झाडांशी रोज बोला. या सगळ्यांचं ऐकायचं तर ऑफिसला राजीनामा द्यावा लागेल आणि झाडांशी बोलताना मोडीत बोलावं लागेल. मनाला धीर द्यायला मी सालिम अलींचं उदाहरण जवळ ठेवते. त्यांच्यापेक्षा मोठा पक्षीवाला कोण? पण त्यांना मोटारसायकलींचंही वेड होतं. १९५० साली स्वीडनमध्ये उप्सालाला पक्षितज्ज्ञांची जागतिक परिषद भरली, तेव्हा स्वारीनं आपली सनबीम बोटीवर चढवून युरोपात नेली. आणि दुर्गाबाई भागवत! लोकसाहित्याचा एवढा डोंगर उपसून, 'ऋतुचक्र' लिहून, वर 'खमंग'सारखं खाण्यापिण्यावरचं पुस्तक. अर्थात ही माणसं एका गोष्टीत हिमालय होती आणि बाकीच्यांत टेकड्या. माझ्याकडे टेकड्याच आहेत. पण पुण्याच्या माणसाला टेकड्या पुरतात.

आणि आता खरी तक्रार. ती माणसांबद्दल नाही, पंचांगाबद्दल आहे.

आकाश बघणाऱ्याला वर्षात एक गाजलेला उल्कावर्षाव ऑगस्टात असतो, पर्सिड. बारा-तेरा तारखेच्या सुमारास सगळ्या जगातले लोक गवतावर उताणे पडून मोजदाद करतात. आपल्याकडे त्या रात्री ढग, आणि ढगांच्या खाली पाऊस. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यानं पर्सिड बघायचे म्हणजे बातम्यांत. त्याची भरपाई म्हणून निसर्गानं आपल्याला जेमिनिड दिले आहेत, डिसेंबरच्या तेरा-चौदा तारखेला, स्वच्छ थंड आकाशात, पुनर्वसूच्या बाजूनं उधळल्यासारखे. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे, हे फेथॉन नावाच्या एका खडकाळ लघुग्रहाचे. इथवर ठीक आहे. पण त्याच सुमाराला पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव असतो. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली तो सुरू केला. तेव्हा त्यांनी पुनर्वसूकडे एक नजर टाकली असती तर! त्याच दिवसांत उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला, पाहुणे पक्षी येऊन उतरलेले असतात. आणि पहाटे धुक्यातून कोळ्याच्या होडीतून जाताना रोहित दिसायची शक्यता असते. शेवंती डिसेंबरात. गच्चीवरची मेथी-पालक डिसेंबरात. पेटीची पट्टी मोकळी होते ती कोरड्या हवेत, म्हणजे डिसेंबरातच. आणि हे सगळं कमी म्हणून की काय, नात्यातली लग्नंही.

आम्ही एका वर्षी सगळं साधायचं ठरवलं. संध्याकाळी सवाई, रात्री अंधार शोधत वेल्ह्याच्या बाजूला, आणि तिथूनच पहाटे भिगवण. वेल्हे पुण्याच्या नैर्ऋत्येला आणि भिगवण आग्नेयेला, हे मैत्रिणीच्या मुलानं नकाशा काढून दाखवलं तरी आम्हाला पटलं नव्हतं. शेवटी असं झालं, की सवाईच्या मांडवात विलंबित ख्याल चालू असताना माझं मन आकाशात. वर ढग आलेत का हे बघायला मी दोनदा मांडवाबाहेर जाऊन आले आणि शेजारच्या आजोबांना वाटलं मला गाणं आवडत नाहीये. वेल्ह्याजवळच्या माळावर सतरंजीवर उताणी पडले तर कानात तोच ख्याल, आणि एक ठसठशीत उल्का गेली ती समेवर गेली असं मला आजही वाटतं. भिगवणला काय पाहिलं ते विचारू नका. होडीत मी झोपले होते. रोहित आले होते असं म्हणतात. मैत्रिणीनं काढलेल्या फोटोत मागे गुलाबी काहीतरी आहे आणि पुढे, शालीत, मी.

या सगळ्या धबडग्यात आमच्या घरात एक माणूस अत्यंत सुखी आहे. माझ्या नवऱ्याला एकच छंद, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं. सामान म्हणजे एक शिसपेन्सिल. जागा म्हणजे खुर्चीचा हात. पाऊस असो, ढग असोत, बुलबुल बसलेला असो, त्याचं काही अडत नाही. "छंद असा असावा," असं तो म्हणत नाही, पण पेन्सिलीला टोक काढताना ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. फक्त रविवारचं मोठं कोडं त्याला एकट्याला सुटत नाही.

"ऐक ना. पेटीला हवा पुरवणारा, दोन अक्षरी."

"भाता." मी शेवंतीला काठी बांधत होते.

"घुबडाच्या जातीतला छोटा पक्षी, तीन."

"पिंगळा."

"शाईचं भांडं. दोन."

"दौत. केळकर संग्रहालयात पाहिलीस की, तूच म्हणाला होतास चहाचा कप आहे म्हणून."

"बसतंय. कागदांचं गाठोडं, जुन्या दफ्तरातलं?"

"रुमाल."

तो भराभर भरत गेला. दर रविवारी हे असंच चालतं; सोमवारी ऑफिसात तो कोडं अर्ध्या तासात सोडवल्याचं सांगतो, आणि तिथे म्हणे त्याच्या व्यासंगाबद्दल फार आदर आहे. मी काठीला गाठ मारली. एक घर राहिलं होतं, तिथे पेन्सिल अडली.

"एकालाच धरून राहणारा. चार अक्षरी. पहिलं अक्षर ए."

मी आठवून पाहिलं. बागेतलं काही नाही, आकाशातलं नाही, पेटीतलं नाही.

"हे माझ्याकडे नाही," मी म्हणाले. "तुझ्याकडे बघ."